माणूस गेला, गावही सुटलं: शोकग्रस्त निर्वासितांसाठी मोबाइलवरची मानसिक मदत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न साधारण तीन ठिकाणांहून येत राहतात: समाजकार्याचे विद्यार्थी, जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहून निर्वासितांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाणारी मराठी मंडळी, आणि ‘आम्ही असं ॲप बनवतोय, जरा बघता का’ म्हणणारे पुण्या-मुंबईचे तरुण. उदाहरणं बहुतेक सीरियातून बाहेर पडलेल्या अरबी भाषकांची घेतली आहेत, कारण या विषयातलं बरंचसं काम त्यांच्याबरोबरच झालं आहे. एखादं उत्तर अर्धवट वाटलं तर कंसातला प्रश्न क्रमांक पाहावा.

१. शोक काय ॲपवर करायचा असतो का? हे नक्की आहे तरी काय?

शोक ॲपवर करायचा नसतो. तो लोकांत बसूनच होतो. ज्याला तसं बसायला लोकच उरले नाहीत, त्याच्यासाठी ही सोय आहे.

प्रत्यक्षात ती अशी असते: फोनवर काही आठवडे चालणारा कार्यक्रम, त्यात ऐकायला किंवा वाचायला एक गोष्ट, श्वासाचे आणि दिनक्रमाचे छोटे व्यायाम, कधी काही लिहायला सांगणं, आणि बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा प्रशिक्षित मदतनिसाचा फोन किंवा संदेश. हा मदतनीस मानसोपचारतज्ज्ञ असेलच असं नाही.

२. माणूस गेल्याचं दुःख सगळ्यांना सारखंच. निर्वासितांचं वेगळं काय?

आपल्याकडे कुणी गेलं की पहिल्या दिवसापासून माणसाला काहीतरी करायला लावलं जातं. खांदा द्यायचा, अस्थी गोळा करायच्या, दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट पाहायची, तेराव्याला पंगत. घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भात आणून देतात. यातलं काही नकोसंही वाटतं, पण त्या तेरा दिवसांत माणूस एकटा पडत नाही.

सीरियातही अशी घट्ट वीण आहे. शक्यतो त्याच दिवशी दफन, देहाला स्नान आणि कफन, मग तीन दिवस ‘अझा’, म्हणजे भेटायला येणाऱ्यांची रीघ, कुराणपठण आणि बिनसाखरेची कडू कॉफी. विधवेची इद्दत, म्हणजे शोक पाळायचा काळ, चार महिने दहा दिवसांची. ईदच्या सकाळी कबरीवर जाऊन ‘आस’ नावाच्या सदाहरित, सुगंधी झुडपाच्या फांद्या ठेवायच्या.

आता हेच घर सोडून आलेल्या माणसाचं पाहा. वडील गेल्याची बातमी व्हॉट्सॲपवरच्या आवाजी संदेशातून येते, रात्री, चार अनोळखी माणसांबरोबरच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भाषेचा वर्ग असतो आणि गैरहजेरी लागते. देह तिकडे, कबर तिकडे, कधी समुद्रात बुडाल्यामुळे दोन्ही नाही. शिवाय ‘मी निघून आलो’ हा सल. त्यामुळे दुःख तेच असलं तरी ते उतरवायच्या सगळ्या पायऱ्या काढून घेतलेल्या असतात. पुढच्या सगळ्या उत्तरांचं मूळ यात आहे.

३. किती दिवस झाले की त्याला आजार म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, ‘आयसीडी-११’, जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकाळ लांबलेल्या शोकाला स्वतंत्र विकार मानलं आहे: किमान सहा महिने उलटले, गेलेल्या माणसाची ओढ किंवा त्याचाच विचार सुटत नाही, तीव्र वेदना आहेत आणि रोजचं जगणं अडलं आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या मार्च २०२२ च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी ही मर्यादा बारा महिने आहे, मुलांसाठी सहा. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहातल्या एका प्रौढाचा शोक असा अडकतो असं अभ्यास सांगतात. युद्धात, हिंसेत माणसं गेली असतील तर हे प्रमाण वाढतं.

दोन्हीकडे एक अट आहे जी ॲप बनवणारे हमखास विसरतात: हा शोक त्या समाजाच्या, धर्माच्या रीतीच्या मानानं जास्त असला पाहिजे. इद्दत पाळणारी बाई घराबाहेर पडत नाही, सणाला जात नाही, नटत नाही. प्रश्नावलीत तिचे गुण ‘सामाजिक माघार’ म्हणून चढतात. ती माघार नाही, ती तिची रीत आहे.

दिवस कुठून मोजायचे हाही घोळ असतो. मृत्यू मार्चमध्ये, बातमी ऑक्टोबरमध्ये पोहोचली, तर माझ्या मते ऑक्टोबरपासून मोजावं. बेपत्ता माणसाचं गणित वेगळंच (प्रश्न ६).

४. ‘सांस्कृतिक रूपांतर’ म्हणजे चांगलं भाषांतरच ना?

नाही. आणि जिथे फक्त भाषांतर झालं तिथे पहिल्याच पडद्यावर माणूस ॲप बंद करतो.

भाषेपासूनच सुरू करू. मराठी माणसाला हे पटकन कळेल: ‘तू थकलास का’ आणि ‘तू थकलीस का’ यांतलं एक निवडल्याशिवाय आपल्याला वाक्यच करता येत नाही. अरबीचंही तसंच, तिथे आज्ञार्थालासुद्धा लिंग आहे. इंग्रजीतून आलेल्या मजकुरात सगळीकडे पुरुष ठरून जातो आणि मुलगा गमावलेल्या आईला ॲप ‘अरे, डोळे मीट’ म्हणतं. मग भाषा कुठली? छापील अरबी बातम्यांची असते. दमास्कसच्या स्वयंपाकघरात शामी, म्हणजे सीरिया-लेबनॉनकडची बोली असते. लिहायला प्रमाणभाषा आणि ऐकायला बोली, ही तडजोड बरी चालते. शिवाय सीरियातून आलेल्या अनेकांची मातृभाषा कुर्दी आहे, हे लक्षातही घेतलं जात नाही.

त्यानंतर दुखण्याचे शब्द. ‘नैराश्य’ या अर्थाचा अरबी शब्द जड आहे, डॉक्टरी आहे, लग्न ठरताना आडवा येणारा आहे. लोक म्हणतात ‘नफ्स (जीव) थकली’, ‘काळीज आवळून आलंय’. आपणही ‘मला अवसाद आहे’ म्हणत नाही, ‘जीव थाऱ्यावर नाही’ म्हणतो. ज्या शब्दांत माणूस स्वतः बोलतो त्याच शब्दांत विचारलं तर तो उत्तर देतो.

खरी कसोटी व्यायामांत लागते. शोकोपचारात ‘गेलेल्या माणसाला पत्र लिहा’ असा एक नेहमीचा भाग असतो. काहींना तो फार मोकळं करतो. काही श्रद्धाळू मुस्लिमांना मृताशी थेट बोलणं गैर वाटतं. त्यांना हेच पत्र मृतासाठीची दुआ म्हणून लिहायला सुचवता येतं. त्याचप्रमाणे ‘आवडीचं काहीतरी करा, फिरायला जा, छंद जोपासा’ हा सल्ला बेचाळिसाव्या दिवशी शिवी वाटू शकतो. त्याऐवजी ‘सदका जारिया’, म्हणजे मृताच्या नावानं केलेलं आणि चालत राहणारं दान, सुचवलं तर माणूस उठून कामाला लागतो. शेजारच्या मुलाला अक्षरं शिकवणं हेही त्यात बसतं, त्याला पैसे लागत नाहीत. मानसशास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही सल्ल्यांचा हेतू एकच आहे: अंथरुणात पडलेल्या माणसाला हालचाल करायला लावणं. बदललं आहे ते कारण.

राहिली चित्रं, रंग, उजवीकडून डावीकडे जाणारा मजकूर. ते करावंच लागतं, पण बहुतेक गट तेवढंच करतात आणि ‘रूपांतर झालं’ म्हणतात.

५. खरोखर चाललेली उदाहरणं आहेत का? उपयोग झाला का?

आहेत, आणि निकाल संमिश्र आहेत.

लेबनॉनमध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि तिथलं सार्वजनिक आरोग्य मंत्रालय यांनी एक कार्यक्रम चालवला. त्याच्या नावाचा अर्थ ‘पावलापावलानं’. पाच सत्रं, एका पात्राची गोष्ट, आणि मदतनिसाचा आठवड्याला जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचा संपर्क. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५६९ विस्थापित सीरियन होते. नैराश्याची लक्षणं कमी झाली आणि तीन महिन्यांनीही फरक टिकला. पण मध्येच सोडून जाणारेही खूप होते.

त्याआधी इराकमधल्या, मानसिक आघात झालेल्यांसाठी ‘इलाज नफ्सी’ नावाचा अरबी उपक्रम झाला. उपचारक दूर देशात, सगळा संवाद लेखी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५९ जण होते आणि परिणाम चांगला होता.

आणि जर्मनीतल्या लाइपझिगमधलं ‘सनदक’ हे ॲप, खास सीरियन निर्वासितांसाठी, काळजीपूर्वक बनवलेलं. १३३ जणांच्या चाचणीत आघाताच्या लक्षणांवर ते साध्या लेखी माहितीपेक्षा सरस ठरलं नाही. मात्र ‘मला असं होतंय म्हणजे मीच कमकुवत’ ही लाज कमी झाली. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो, कारण अपयश छापायला धैर्य लागतं.

यातलं एकही शोकापुरतं नव्हतं. निव्वळ शोकासाठी इंटरनेटवरून उपचाराची गाजलेली चाचणी २००६ ची आहे, पाच आठवड्यांत दहा लेखन-सत्रं, आणि ती जर्मन भाषकांवर झाली. निर्वासित आणि शोक या दोन्ही गोष्टी एकत्र घेऊन झालेलं काम अजून थोडंच आहे. म्हणून कुणी ‘सिद्ध झालेलं ॲप’ म्हणून विकायला आलं तर कशासाठी आणि कुणावर सिद्ध, हे विचारा.

६. माणूस बेपत्ता आहे. गेला की आहे तेच माहीत नाही. मग?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि सीरियाच्या बाबतीत तो अपवादही नाही. तिथल्या बेपत्ता लोकांचा अंदाज एक लाखाच्या वर जातो. जून २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं त्यांच्या शोधासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळली, तुरुंग उघडले. लाखो कुटुंबं जगभर फोनच्या पडद्यावर सैदनायाच्या तुरुंगाच्या दाराकडे डोळे लावून बसली. काहींची माणसं बाहेर आली. बहुतेकांची आली नाहीत, आणि मृत्यूचा दाखलाही आला नाही.

अमेरिकी कुटुंबतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात अशा हानीसाठी वेगळी संकल्पना मांडली. आपण तिला ‘संदिग्ध वियोग’ म्हणू. त्यांचं म्हणणं असं की इथे शेवट शोधायला लावू नये. ‘तो बहुधा नाही, पण कदाचित असेल’ ही दोन्ही वाक्यं एकत्र सांभाळायला माणसाला शिकवावं.

ॲपसाठी याचे थेट परिणाम आहेत. पहिल्या पडद्यावर ‘तुमचं कोण गेलं?’ असा प्रश्न असेल तर बेपत्ताची आई तिथेच थांबते, कारण उत्तर निवडणं म्हणजे पोराला आपल्या हातानं मारणं. ‘मला माहीत नाही’ हा पर्याय तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवा. सहा किंवा बारा महिन्यांचं घड्याळ (प्रश्न ३) इथे लावू नये. आणि रेड क्रॉसच्या शोधसेवेसारखा मार्ग व्यायामांच्या आधी दाखवावा.

आपल्या परंपरेला ही अडचण ठाऊक होती. देह न मिळालेल्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करतात. पण तो कधी करायचा हे कुटुंब ठरवतं. ॲपनं कुणालाही ‘आता निरोप द्या’ म्हणू नये.

७. अंत्यविधी फोनवर पाहिला तर चालतं का? बघितल्यानं त्रास वाढत नाही?

ज्याला पाहायचं आहे त्याला पाहू द्यावं, ज्याला नाही त्याला आग्रह करू नये. एकट्यानं पाहू नये, एवढंच सांगावं. मृताच्या गैरहजेरीत जनाज्याची नमाज पढता येते का यावर मुस्लिम धर्मशास्त्रात मतभेद आहेत. शाफई आणि हंबली परंपरा मानतात, हनफी आणि मालिकी मानत नाहीत. ॲपनं फतवा देऊ नये, जवळच्या इमामांचा पत्ता द्यावा.

८. ‘सबर करा, रडू नका’ असं धर्मच सांगतो ना? मग बोलतं कसं करायचं?

धर्म असं सांगत नाही, नातेवाईक सांगतात. आपला लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा प्रेषित मुहंमद रडले होते, ही कथा मुस्लिम घरांत सर्वांना माहीत असते. ऊर बडवून, कपडे फाडून केलेला आकांत निषिद्ध मानतात, अश्रू नव्हेत. मदतनिसानं हा फरक स्वतःच्या तोंडानं शिकवायला जाऊ नये. समोरच्यालाच विचारावं, ‘सबर म्हणजे तुमच्या घरी काय?’ उत्तर बहुधा त्याच्या आजीपाशी जाऊन पोहोचतं आणि तिथून बोलणं सुरू होतं.

एक पथ्य: सगळे सीरियन मुस्लिम नाहीत. ख्रिस्ती आहेत, द्रूझ आहेत, आणि देवावरचा विश्वास त्या युद्धातच उडालेलेही आहेत. धार्मिक मजकूर मागितल्यावर दिसावा, आपोआप नाही.

९. त्यांनी लिहिलेलं सरकारच्या हाती लागलं आणि आश्रयाचा अर्ज बिघडला तर?

ही भीती खुळी नाही. जिथे गुप्तहेर खात्याच्या धाकानं घरातही हळू बोलायची सवय होती तिथून ही माणसं आली आहेत. जर्मनीत २०१७ पासून कागदपत्रं नसलेल्या अर्जदारांचे फोन तपासले जात होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं अशी सरसकट तपासणी बेकायदा ठरवली. पण निकाल लागला म्हणून भीती जात नाही.

म्हणून: खरं नाव मागू नये. मृत्यू कुठे, कुणाच्या हातून झाला हे लिहून घेऊ नये. लिहिलेलं पुसायचं बटण पहिल्या पडद्यावर असावं. ॲपचं चिन्ह साधं असावं, ‘मानसिक’ हा शब्द त्यावर नको, कारण एकच फोन नवरा, बायको आणि मुलं वापरतात. आश्रयाच्या अर्जाशी या मदतीचा संबंध नाही, हे छोट्या अक्षरांत नव्हे तर मदतनिसाच्या आवाजात सांगावं.

१०. ज्यांना वाचता येत नाही, नेट नाही, त्यांनी काय करायचं?

बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्या आठवा. सप्टेंबर २०१९ पासून ऑगस्ट २०२० पर्यंत, म्हणजे करोनाची साथ आली तेव्हासुद्धा, तिथलं मोबाइल इंटरनेट सरकारनं जवळपास बंद ठेवलं होतं. रोहिंग्यांची भाषा मुख्यतः बोलण्याची. तिची हनिफी लिपी संगणकाच्या युनिकोडमध्ये २०१८ मध्ये आली, पण ती वाचणारे कमी. अशा ठिकाणी लेखी ॲप म्हणजे सजावट. आवाजी फिती, मेमरी कार्डावरून एकमेकांना देता येतील अशा, आणि छावणीतलीच एखादी जाणती बाई सोबत बसलेली, हे जास्त चालतं.

११. मुलांना फोन देऊन चालेल?

नाही. मुलांची मदत त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्या माणसामार्फतच करावी. आणि त्या मोठ्या माणसाचाही कुणी गेलेला असतो हे विसरू नये.

१२. आता एआय एवढं पुढे गेलंय. मदतनीस माणूस हवाच कशाला?

हा प्रश्न तरुण मंडळींचा, दर महिन्याला येतो. सीरियन निर्वासितांसाठी ‘करीम’ नावाचा अरबी चॅटबॉट २०१६ मध्येच आला होता, म्हणजे कल्पना नवी नाही.

एक उदाहरण पुरेल. शामी बोलीत लाडानं ‘तु’बुर्नी’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘तू मला पूर’. म्हणजे तुझ्या आधी मी जावं, तुझ्याशिवाय जगायची वेळ येऊ नये. आई पोराला दिवसातून दहा वेळा म्हणते. आता ज्या आईनं मुलाला पुरलं ती लिहिते, ‘मी त्याला तु’बुर्नी म्हणायचे’. यंत्र एक तर धोक्याची घंटा वाजवेल किंवा ‘छान आठवण!’ म्हणेल. आणि तीच बाई ‘मला त्याच्याकडे जायचंय’ म्हणाली तर तो विलाप आहे की आत्महत्येचा विचार? हे आवाजावरून, थांबण्यावरून, आणि सरळ विचारण्यावरून कळतं: ‘जीव द्यावासा वाटतो का? कसा, काही ठरवलंय का?’ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. ठरवलेलं असेल तर त्याच दिवशी प्रत्यक्ष मदत, हा नियम लेखी हवा आणि त्यामागे फोन उचलणारा माणूस हवा.

१३. ‘गेलेला नवरा स्वप्नात येतो, बोलतो’ असं कुणी सांगितलं तर डॉक्टरकडे पाठवू का?

फक्त तेवढ्यावरून नाही. मृत व्यक्ती स्वप्नात येणं अरब समाजात मानाचं आणि दिलाशाचं मानतात. काय बोलला ते विचारा. आवाज दिवसाउजेडी हुकूम देत असेल, इजा करायला सांगत असेल, तर मात्र पाठवा.

१४. महाराष्ट्रात याचा काही संबंध येतो का?

येतो, थोडा. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी निर्वासित इथे आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. तिबेटी बौद्धांत मृत्यूनंतर ४९ दिवसांना महत्त्व आहे, त्यामुळे ‘तेराव्यानंतर माणूस सावरतो’ हे आपलं मोजमाप तिथे लावून चालणार नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला तर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत छावण्यांतून सुटून आलेली.

आज इथे कुणाला मानसिक मदत हवी असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सेवा सर्वांसाठी आहे, ती खास शोकासाठी किंवा निर्वासितांसाठी नाही.

१५. मी इकडे केंद्रात मदतीला जाते. एका काकूंचा मुलगा गेलाय. मला अरबी येत नाही. काय बोलू?

फार बोलू नका. कॉफी दिली तर घ्या, साखर मागू नका. मुलाचं नाव विचारा. फोटो दाखवला तर नीट, वेळ घेऊन बघा. ‘अल्लाह यरहमो’ एवढे दोन शब्द पाठ करा, ‘देव त्याच्यावर दया करो’. मुलगी असेल तर ‘यरहमा’. ॲपचा विषय तिसऱ्या-चौथ्या भेटीत काढा, आणि पहिलं सत्र तुमच्या शेजारी बसून ऐकू द्या.

फक्त एक खात्री आधी करून घ्या, दुसऱ्या कुणाला तरी विचारून: मुलगा खरंच गेलाय की बेपत्ता आहे? हे दोन शब्द मृतांसाठीच म्हणतात. बेपत्ता असेल तर ते तोंडातून निघता कामा नयेत (प्रश्न ६).